तुमच्या घरातला 'कारखाना' कुठे होता?

घंटाळीकर
आमची बिल्डिंग पाडायला निघाली आहे. नौपाड्यात सध्या गल्लोगल्ली तेच चाललंय. महिनाअखेर घर रिकामं करून द्यायचंय, म्हणून दोन रविवार माळा उपसतोय. काल अगदी मागच्या कोपऱ्यात बाबांचा डालडाचा डबा सापडला. पिवळा, त्यावर हिरवं ताडाचं झाड. आत एनॅमल तारेचं अर्धं रीळ, स्टेशन लावायचा एक गँग कंडेन्सर, कागदाच्या पुडीत चार ओए ७९ डायोड आणि कानात घालायचा क्रिस्टलचा इअरफोन. झाकण काढलं तर सोल्डरच्या राळेचा वास आला. मी तिथेच शिडीवर बसून राहिलो.

बाबांची नोकरी ठाणे-बेलापूर रोडला, शिफ्टची. त्यांचा कारखाना म्हणजे गॅलरीतली तीन फूट जागा. आईच्या शिलाई मशिनवर फळी टाकली की टेबल तयार. मी चौथीत असताना त्यांनी मला बिनसेलचा रेडिओ करून दिला. कापडाच्या दुकानातून मागून आणलेली दोन इंची पुठ्ठ्याची नळी, तिच्यावर २६ गेजच्या तारेचे ९० वेढे. वेढे मी मोजायचो, मोठ्याने. मध्येच आईने हाक मारली की पुन्हा एकपासून. सेल नाही, लाइट नाही. गच्चीवर ताणलेल्या तारेत जेवढी लहर सापडेल तेवढ्याच जोरावर कानात माणूस बोलायला लागतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी इअरफोन काढून बाबांच्या कानाला लावला, त्यांनाही खरं वाटावं म्हणून.

आकाशवाणीचं मुंबई अ १०४४ किलोहर्ट्झवर आणि मुंबई ब ५५८ वर. सुरुवातीला दोन्ही एकमेकांत मिसळायची, बातम्यांच्या मागे भजन. मग बाबांनी एरियलची तार कॉइलच्या टोकावरून काढून अर्थकडून, म्हणजे जमिनीला जोडलेल्या टोकाकडून, विसाव्या वेढ्याला जोडली. आवाज जरा बारीक झाला, पण स्टेशनं सुटी झाली.

अर्थिंग नळाच्या लोखंडी पाइपला होतं. पुढे पाइप प्लास्टिकचे आले आणि रेडिओ मुका झाला. तेव्हा बाबांनी खाली कंपाउंडमध्ये पारिजातकाशेजारी खड्डा केला, मीठ-कोळसा घातला, लोखंडी नळी ठोकली आणि तिथून तार दुसऱ्या मजल्यावर आणली. उन्हाळ्यात रोज त्या नळीपाशी तांब्याभर पाणी ओतायचे. सगळी बिल्डिंग म्हणायची, काकांचा झाडावर भारी जीव!

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. नळी अजून तिथेच आहे.

तुमच्याकडचंही सांगा. काय बनवलंत, कुठे बसून, घरचे काय म्हणाले. आणि एक अडचण आहे. बाबांचा पाच इंची व्हाइस, म्हणजे टेबलाला बसवायची लोखंडी पकड, भाड्याच्या घरात कुठे लावू? विकायचा नाहीये.

मीनल_ऐरोली
शिडीवर बसून राहिलो हे वाचून पोटात कालवलं रे दादा. आमच्याकडे त्याच डब्यात खिळे असायचे. कुकर लावलाय, सविस्तर नंतर.

सानपाडा_सात
व्हाइस विकू नका. जागा निघते. जुन्या व्हाइसचं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, आता मिळत नाही.

माझा कारखाना सिडकोच्या घराच्या गच्चीला जायच्या जिन्यात होता. दुर्बिणीचा आरसा घासायचो. सहा इंचाच्या दोन जाड काचा, एक खाली पक्की, एक वर हातात, मध्ये पाणी आणि कार्बोरंडम, म्हणजे घासायची पावडर. पाण्याने भरलेल्या पिंपावर खालची काच बसवायची आणि पिंपाभोवती फिरत फिरत घासायचं. आपोआप वरची काच खोलगट होत जाते आणि खालची फुगीर. किती खोल? मधोमध जेमतेम १.२ मिलिमीटर. तेवढ्यासाठी ८० नंबरची पावडर, मग १२०, २२०, ४००, अशी बारीक बारीक करत जायचं, आणि शेवटी डांबरासारख्या पिचवर सिरियम ऑक्साइडने पॉलिश.

प्रत्येक नंबर बदलताना सगळं धुवायचं. काच, पिंप, हात, नखं, अंगातला शर्टसुद्धा. मी ४०० वर आलो होतो आणि एक दिवस काचेवरून 'चर्र' असा आवाज आला. ८० चा एकच कण, माझ्या बाहीत राहिलेला. केसाएवढी रेघ, काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. परत २२० वर जावं लागलं, तीन आठवडे गेले. आईने काही न बोलता माझ्यासाठी एक वेगळा शर्ट शिवला, बाह्या नसलेला.

त्याच आरशातून २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी एका नजरेत बघितले, एक दशांश अंश अंतर. सूर्य मावळल्यावर पश्चिमेला अगदी खाली होते, घाई करावी लागली. सोसायटीची माणसं मास्क लावून, अंतर ठेवून जिन्यात रांगेत उभी होती. एक आजी दुर्बिणीच्या आयपीसला, म्हणजे बघायच्या भिंगाला, डोळा लावून म्हणाल्या, कडं दिसलं रे. त्यांना पुढे सरकवायला कुणी घाई केली नाही.

कळवा_टर्नरची_मुलगी
@सानपाडा_सात, त्या रेघेने माझ्या पोटात गोळा आला.

वडील वागळे इस्टेटला टर्नर होते. मला अ आ इ आधी शिकवलं की व्हर्निअर वाचायला, ते आठवत नाही. ०.०२ मिलिमीटरपर्यंत मोजणारा व्हर्निअर कॅलिपर दप्तरात असायचा माझ्या. आता मी जिन्याखालच्या दीड मीटरच्या जागेत छोटा लेथ लावलाय आणि एबोनाइटचे फाउंटन पेन करते. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. कापताना गंधकाचा वास सुटतो, सासूबाई उदबत्ती लावतात. पण पहिला पेन त्यांनाच दिला, त्या त्याने दुधाचा हिशोब लिहितात.

पेनमध्ये अवघड काम सेक्शनचं, म्हणजे लिहिताना बोटांत धरतो त्या भागाचं. निबखालची जीभ, म्हणजे फीड, सेक्शनच्या भोकात हाताने दाबून घट्ट बसली पाहिजे. सैल बसली की बोटं निळी. मी ड्रिल थोडं लहान घेते आणि शेवटचा केसभर रीमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाचं करायच्या हत्याराने, काढते. टेबलावर पन्नासेक फसलेले सेक्शन एका बरणीत आहेत. फेकवत नाहीत.

अमेय_डाउन_स्लो
वा. गाडी आली, नंतर लिहितो

खारेगावची_सुमन
धाग्याचा विषय वेगळा आहे, पण इथे जाणकार दिसतायत म्हणून विचारते. मिक्सरचा खालचा कपलर, भांडं ज्या दातेरी चकतीवर बसतं तो, झिजलाय, दात गेलेत. दुकानदार म्हणतो मशीन ठेवून जा, चार दिवस लागतील. उद्या पुरणपोळी आहे. घरी निघेल का?

सानपाडा_सात
निघेल ताई. आधी प्लग काढून ठेवा. मशीन उलटं करून तळाची टोपी काढा, आत शाफ्टच्या टोकाला खाच असेल, तिच्यात स्क्रूड्रायव्हर घट्ट धरा. मोटर ज्या दिशेला फिरते त्याच दिशेला कपलर फिरवला की सुटतो. उलटा फिरवलात तर आणखी आवळेल. नवीन कपलर आणताना जुना बरोबर न्या.

खारेगावची_सुमन
निघाला!!! यांनी आधी उलटाच फिरवला होता, म्हणून हालत नव्हता. पुरण वाटून झालं. सगळ्यांना या म्हणते.

मीनल_ऐरोली
आले. आमचा कारखाना म्हणजे चरईच्या चाळीतला व्हरांडा, दिवाळीआधीचे पंधरा दिवस. आजोबा कंदील करायचे. बांबू आणून स्वतः कामट्या काढायचे. कामटी बोटावर तोलून बघायची, एकीकडे झुकली की त्या बाजूने चाकूने तासायची. नाहीतर कंदील टांगल्यावर वाऱ्याने एकाच कुशीवर फिरत राहतो. सांधे दोऱ्याने बांधायचे, खिळा नाही. खळ आजी शिजवायची मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद. त्याने झुरळं कागद खात नाहीत. त्या खळीला आम्हा पोरांनी हात लावायचा नाही, लावलाच तर साबणाने धुवून मगच फराळ.

सगळ्या चाळीला आमच्याकडचे कंदील. पैसे घेत नसत, करंज्या घेत. मी आता मुलीला शिकवते. ऐरोलीत बांबू कुठे मिळतो ते शोधण्यात एक वर्ष गेलं, शेवटी मांडववाल्याने दिला. ती बोटावर कामटी तोलते तेव्हा मान अगदी आजोबांसारखी तिरकी करते. तिने त्यांना बघितलेलंसुद्धा नाही.

घंटाळीकर
मीनलताई, चरईत कुठे? आमची आत्या तिथेच, दत्ताच्या देवळाच्या गल्लीत. तो मोरचूद आम्ही शाळेत स्फटिक वाढवायला वापरायचो.

मीनल_ऐरोली
अरे मग तुझी आत्या आमच्या मागच्या चाळीत! अंगणात मोठी विहीर होती का?

घंटाळीकर
होती. वर लोखंडी जाळी होती.

मीनल_ऐरोली
हो!! त्या जाळीवर बसून आम्ही कामट्या सोलायचो.

अमेय_डाउन_स्लो
घरी पोचलो. आमच्याकडे लंबकाचं घड्याळ आहे, आजोबांचं. कोपरीहून नेरुळला आणल्यावर चालेचना. किल्ली द्यायची, लंबक हलवायचा, पाच मिनिटांत बंद. दोन ठिकाणी दाखवलं, एकाने स्प्रिंग गेली म्हणून सांगितलं, दुसऱ्याने मशीन बदला. मला ते पटेना, कारण आदल्या दिवसापर्यंत चालत होतं.

मग एका रात्री सगळे झोपल्यावर नुसता आवाज ऐकत बसलो. टिक-टॉक सारखा येत नव्हता. टिक... टॉकटिक... टॉक, लंगडल्यासारखा. घड्याळ भिंतीवर जरासं तिरकं लागलेलं. खालच्या डाव्या कोपऱ्यामागे पोस्टकार्डाची घडी सरकवली. सारखा आवाज आला आणि तेव्हापासून चालूच आहे. पुढे दिवसाला चार मिनिटं मागे पडायचं, तर लंबकाखालचा नट फिरवून गोळा वर घेतला. लंबक आखूड झाला की घड्याळ पुढे धावतं, लांब केला की मागे. उन्हाळ्यात एकदा, दिवाळीत एकदा तो नट बघतो. बायको म्हणते घड्याळ बंद असतं तेव्हा तिला झोप लागत नाही.

तळमजला_बेलापूर
घंटाळीकर, तुमचा प्रश्न व्हाइसचा ना? माझ्याकडे तळमजला आहे, मागे पत्र्याची शेड आहे आणि सागवानी टेबल आहे, तीन इंच जाड, एका जुन्या घराच्या तुळईचं. रंधा मारून मीच केलं. व्हाइस तिथे लावू. नवीन घर मिळालं की घेऊन जा. तोवर येऊन काम करा, किल्ली शेजारी ठेवलेली असते.

त्या नळीचं काय केलंत? बिल्डिंग पडली की ती राडारोड्यात जाईल.

घंटाळीकर
काय बोलू दादा. नक्की आणतो. नळी काढायचा प्रयत्न केला, हालत नाही. जमिनीवर वीतभरच आहे.

तळमजला_बेलापूर
ओढू नका. रात्री दोन बादल्या पाणी ओतून ठेवा. सकाळी पाइप पाना लावून नुसती गोल फिरवा, दोन्हीकडे, थोडी थोडी. माती सुटली की आपोआप वर येते. पारिजातकाची मुळं सांभाळा.

कळवा_टर्नरची_मुलगी
नळीच्या वरच्या टोकाला आधी आडवं भोक पाडा आणि त्यात सळई घाला. पाना निसटतो.

मीनल_ऐरोली
आणि पारिजातकाचं काय? त्याची फांदी लागते, पावसाळा आहे. मला एक हवी. आमच्या ऐरोलीला लावते.

घंटाळीकर
आज सकाळी निघाली. साडेतीन फूट भरली. खालची वीतभर गंजून चाळण झालीय, हात लावला की भुगा. वर तार जोडलेला सोल्डरचा सांधा मात्र जसाच्या तसा आहे, अजून चमकतो. वॉचमनने विचारलं हे काय, तर मी म्हणालो बाबांचं अर्थिंग. त्याने खड्डा बुजवायला मदत केली.

मीनलताई, तीन फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवल्यात. दादा, शनिवारी व्हाइस घेऊन येतो, फांदी वाटेत ऐरोलीला देतो.

तळमजला_बेलापूर
या. येण्याआधी व्हाइसच्या तळाच्या भोकांचं अंतर मोजून कळवा, मध्यापासून मध्यापर्यंत. टेबलाला भोकं पाडून ठेवतो.