घराच्या कामात मजुरी वाचवायची की नाही?

पाचवा_मजला
घराचं काम काढतोय. दोन खोल्यांना रंग, बाथरूमच्या टाइल्स आणि थोडं वायरिंग. माझं मत असं की बजेट फाटतं ते मजुरीपायी, त्यामुळे जे जमेल ते घरच्यांनीच करायचं आणि सामानही आपणच आणायचं. मागे बेडरूम मी आणि बायकोने दोन रविवारांत रंगवली, खर्च फक्त रंग, रोलर आणि मास्किंग टेपचा, आणि काम एकदम झकास झालं. आता बाथरूममध्येही जुन्या टाइल्सवरच नव्या चिकटवाव्यात असं डोक्यात आहे, म्हणजे फोडाफोडी नाही, राडारोडा उचलायचा खर्च नाही. कुणाला पटत नसेल तर कारणासकट सांगा.

तळमजला
रंगाचं पटलं, बाथरूमचं अजिबात नाही. रंग बिघडला तर परत मारता येतो, पण टाइल्सखालचं वॉटरप्रूफिंग बिघडलं तर वरचं सगळं फोडूनच खाली जावं लागतं, म्हणजे आज वाचवलेली मजुरी उद्या दुप्पट द्यायची वर नवीन टाइल्सचे पैसे. हे मी भोगलंय. आमच्या हॉलच्या भिंतीचे पोपडे निघायचे, मी दोनदा खरवडून पुट्टी आणि रंग मारला, दोन्ही वेळा काही महिन्यांत परत फुगा आला. शेवटी कळलं की भिंतीपलीकडच्या बाथरूममधला कन्सील्ड पाइप जॉइंटला पाझरत होता. ओल्या भिंतीवर पुट्टी टिकतच नाही, पाणी बाहेर येताना ती सोबत घेऊनच येतं. दोन वेळचा रंग, पुट्टी, माझे सगळे रविवार गेले आणि शेवटी भिंत फोडावी लागलीच. तेव्हापासून माझा हिशोब असा आहे की जे परत करता येतं तिथे काटकसर करायची, हँडल, पडदे, लाइट, रंग, आणि जे भिंतीत किंवा लादीखाली गाडलं जातं तिथे चांगला माणूस आणि चांगलं सामान.

रंधा
तळमजला, तुमचा अनुभव खरा आहे पण त्यावरून टाइलवर टाइल नकोच असं कसं म्हणता? खाली गळती नसेल तर ती पद्धत व्यवस्थित चालते, मी स्वतः केलंय. आधी प्रत्येक टाइल लाकडी दांड्याने ठोकून बघायची, पोकळ आवाज आला की ती काढायचीच. मग जुन्या टाइलची चकाकी ग्राइंडरने घासून खरबरीत करायची आणि टाइलवर टाइलसाठी येतो तोच अ‍ॅडेसिव्ह वापरायचा, साधा सिमेंटचा माल नाही, कारण चकचकीत टाइल पाणी शोषत नाही आणि त्यावर सिमेंट धरत नाही. जमीन सेंटिमीटरभर किंवा थोडी जास्त वर येते, दाराची खालची कड घासावी लागते आणि जाळीकडचा उतार परत तपासावा लागतो. एवढं केलं तर पैसे वाचतातच, घाबरवून का सोडता माणसाला.

निळी_छत्री
मला तर तुम्ही सगळे चुकीच्या जागी पैसे शोधताय असं वाटतं. आमचं बजेट मजुरीने नाही, अर्ध्यात बदललेल्या मनाने फाटलं! सिंक इकडे नको तिकडे, प्लग अजून दोन हवेत, आणि काम रोजावर दिलेलं, मग दिवस वाढले की पैसे वाढणारच. दुसऱ्या वेळी सगळं कागदावर काढलं, कुठला नळ कुठे, कुठला प्लग किती उंचीवर, आणि काम उक्तं दिलं, वस्तूनिहाय लेखी कोटेशन घेऊन. टाइल्स मात्र कापाकापीत जातात म्हणून 10 टक्के जास्त आणि एकाच बॅचच्या घ्या, नंतर आणलेल्या पेटीची शेड जुळेलच असं नाही. स्वस्तात मिळतं म्हणून सिमेंट साठवू नका, तीन महिन्यांत त्याची ताकद बरीच उतरते.

पाचवा_मजला
ठीक, टाइल्स ठोकून बघतो. पण वायरिंगमध्ये काय एवढं अवघड आहे, नुसता एक पॉइंट पुढे ओढायचाय गीझरसाठी.

तळमजला
तिथे तर हात लावूच नका, कळकळीने सांगतो. 3000 वॅटचा गीझर 230 व्होल्टवर 13 अँपिअर घेतो, लाइटच्या पॉइंटवरून ओढलेली बारीक वायर त्याने तापते आणि ते भिंतीत असल्यामुळे दिसतही नाही. त्याला बोर्डापासून वेगळी जाड लाइन, नीट अर्थिंग आणि 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच, लागतेच. हे लायसन्सवाल्या इलेक्ट्रिशियनचं काम.

रंधा
वायरिंगबद्दल मी पण तळमजलांच्याच बाजूने. टाइल्सबद्दल नाही.

पाचवा_मजला
बरं, वायरिंग सोडलं. टाइल्सचं मात्र माझं मन अजून रंधाकडेच झुकतंय, आमच्याकडे तर ओल दिसत नाहीये कुठे.

तळमजला
तुमच्या घरात दिसणार नाही हो. जाळी नीट बंद करून बाथरूममध्ये पाणी भरून ठेवा, निदान 24 तास, 48 ठेवलंत तर उत्तम, आणि मग खालच्यांना विचारून त्यांच्या बाथरूमचं छत बघून या.