रिव्हर्समधला आवाज: गिअरबॉक्स उघडायच्या आधी

फक्त रिव्हर्स घेताना 'ऊंऽऽ' आवाज येतो म्हणून कुणी गिअरबॉक्स उघडायचा सल्ला देतं. जरा थांबा. गाडी मॅन्युअल असेल तर हा आवाज बहुतेक वेळा जन्मजातच असतो. पुढच्या गिअरचे दाते तिरके कापलेले, एक सुटायच्या आत दुसरा लागतो, म्हणून ते गप्प चालतात. रिव्हर्सचे दाते बऱ्याच गाड्यांत सरळ असतात. ते पूर्ण रुंदीने एकदम भिडतात आणि वेगाबरोबर सूर चढत जातो. कोऱ्या गाडीतही हेच.

'खर्र' किंवा 'चीं' असेल तर गोष्ट वेगळी. हळू मागे जाताना ब्रेकवर नुसता पाय टेकवा. आवाज बदलला तर आधी ब्रेकचे पॅड तपासा, नाही बदलला तर ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागच्या पत्र्यात खडा अडकलाय का बघा. दिशा बदलल्यावर पहिल्या ब्रेकला एकच 'टक्' येतो, तो पॅड जागेवर सरकल्याचा, सोडून द्या.

स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर येणारी 'कट कट कट' मात्र सोडू नका. सीव्ही जॉइंटचं (वळत्या चाकापर्यंत इंजिनाची ताकद नेणाऱ्या सांध्याचं) रबरी बूट, म्हणजे आवरण, फाटून ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडालंय का, टॉर्च मारून पाहा. आणि हो, रिव्हर्स टाकून क्लच सोडताच 'धप्' होत असेल तर आधी इंजिन माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारे आधार, बघायला सांगा.