मे महिन्याच्या सुट्टीत वर्गातल्या टीव्हीसाठी नेमकं काय शिकावं? (६ वी ते ८ वी, गणित-विज्ञान)

खडू_डस्टर

नमस्कार मंडळी. जि. प. ची उच्च प्राथमिक शाळा, ६ वी ते ८ वीचं गणित आणि विज्ञान माझ्याकडे. सहावीचा पट ३४. लोकवर्गणीतून आलेला ४३ इंची स्मार्ट टीव्ही आहे, शाळेचा एक विंडोज लॅपटॉप आहे, आणि नेट म्हणजे माझ्या फोनचं हॉटस्पॉट. दुपारनंतर लाइटचा भरवसा नाही. सध्या टीव्हीचा उपयोग घटकावरचा व्हिडिओ लावण्यापुरताच होतो.

सुट्टीत शिकण्यासारख्या गोष्टींची यादी मोठी आहे: दीक्षावरचे (शिक्षकांसाठीचं सरकारी ऑनलाइन व्यासपीठ) कोर्स, गूगल फॉर्म, जिओजेब्रा (गणिताचं सॉफ्टवेअर), स्वतःचे व्हिडिओ, आता एआय. सगळ्याला थोडा थोडा हात लावण्यापेक्षा शाळा उघडल्यावर वर्गात फरक दिसेल असं एक-दोनच काय धरावं? आणि केंद्राच्या (आसपासच्या शाळांच्या गटाच्या) शिक्षण परिषदेत दाखवायचं झालं तर नोंद कशाची ठेवावी?

दशांशचिन्ह

सर, यादी साधनांची केलीत, ती मुलांच्या चुकांची करा. सहावीचे चाचणीचे पेपर अजून कपाटात असतील. अपूर्णांक आणि दशांश या दोन घटकांत कोणत्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात ते लिहून काढा. पाच-सहाच निघतील. सुट्टीचं उद्दिष्ट एवढंच ठेवा: या चुका पकडणारे १० निदान प्रश्न, प्रत्येकाला चार पर्याय, आणि प्रत्येक चुकीचा पर्याय एका ठरावीक चुकीतून आलेला.

उदाहरणार्थ २/३ + १/४ = ?
अ) ३/७ ब) ३/१२ क) ११/१२ ड) २/१२

३/७ म्हणणाऱ्याने अंशात अंश, छेदात छेद मिळवले. ३/१२ वाल्याला समच्छेद करायचा हे माहीत आहे, पण छेद १२ केल्यावर अंश बदलायचे राहिले. २/१२ वाल्याने गुणाकाराची रीत बेरजेला लावली. तिघांचं उत्तर चूक असलं तरी तिघांना शिकवायचं वेगवेगळं आहे. 'यापैकी नाही' हा पर्याय निदानाच्या प्रश्नात घालू नका, त्यातून काहीच कळत नाही.

दशांशासाठी: सर्वांत मोठी संख्या कोणती? ०.५, ०.३५, ०.१२५, ०.०८७५. चिन्हापुढचा भाग पूर्ण संख्येसारखा वाचणारा ८७५ बघून ०.०८७५ निवडतो.

उत्तरं गोळा करायला प्लिकर्स हे ॲप वापरा. मुलांकडे फोन लागत नाही. प्रत्येकाला क्रमांकाचं एक कार्ड, त्यावर काळा चौकटी आकार आणि चार बाजूंना बारीक ए, बी, सी, डी. आपलं उत्तर वर येईल असं कार्ड मुलाने धरायचं, तुम्ही फोनचा कॅमेरा वर्गावरून सावकाश फिरवायचा. कोणी काय उत्तर दिलं ते फोनवर लगेच दिसतं. मोफत खात्यात एका संचात पाचच प्रश्न बसतात, म्हणून १० प्रश्नांचे दोन संच करा. एका तासाला तसेही पाचच्या वर होत नाहीत.

विज्ञानवाली

दशांशचिन्ह सर, पहिला प्रश्न झकास, पण दुसऱ्यात गळती आहे. 'चिन्हापुढे अंक कमी म्हणजे संख्या मोठी' असा उलटा समज असलेली मुलंही वर्गात असतात. शतांशापेक्षा दशांश मोठा, हे अर्धवट लक्षात राहिल्याने तसं होतं. तो मुलगा ०.५ निवडेल आणि चुकीच्या कारणाने बरोबर ठरेल. संख्या बदला: ०.४, ०.६५, ०.३७५, ०.२९९९. आता 'लांब ती मोठी' वाला ०.२९९९ वर जाईल, 'आखूड ती मोठी' वाला ०.४ वर, आणि ज्याला स्थानिक किंमत कळली आहे तोच ०.६५ वर येईल. ०.३७५ निवडणारा बहुतेक अंदाजपंचे.

प्लिकर्स कार्डांबाबत चार गोष्टी. चकचकीत लॅमिनेशन करू नका. खिडकीचा उजेड त्यावर चमकतो आणि कॅमेऱ्याला आकार दिसत नाही. जाड कागदावर छापा किंवा साधी प्रिंट जुन्या वहीच्या पुठ्ठ्यावर चिकटवा. मुलांची बोटं काळ्या भागावर यायला नकोत, कार्ड पांढऱ्या कडेला धरायला शिकवा. मुलांच्या पाठीमागे उघडी खिडकी असेल तर कार्ड अंधारात जातं, तेव्हा उभं राहायची जागा बदला. आणि कार्ड क्रमांक = हजेरी क्रमांक हे वर्षभर कायम ठेवा. ॲपमध्ये नावं न घालता क्रमांकच घाला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती धरली आहे, त्या भानगडीत कशाला पडा.

नेट गेलं तर? ए-४ कागदाच्या चार घड्या, प्रत्येक भागावर अ, ब, क, ड, चार रंगांत. मुलं घडी करून हवं ते अक्षर छातीशी धरतात, तुम्ही रंग मोजता. कोणी काय सांगितलं याची आपोआप नोंद होत नाही एवढाच तोटा. प्रश्न चांगला असेल तर कागदावरही चालतो. भिकार प्रश्न ॲपवर घातला तरी भिकारच.

विज्ञानाला फेट सिम्युलेशन (पडद्यावर करून बघायचे प्रयोग) धरा. कोलोरॅडो विद्यापीठाचा हा प्रकल्प कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. बरीच सिम्युलेशन्स मराठीत आहेत, संकेतस्थळावर भाषा निवडून पाहता येतात. एचटीएमएल-५ मधलं प्रत्येक सिम्युलेशन एकाच एचटीएमएल फाइलमध्ये उतरवून घेता येतं आणि लॅपटॉपवर क्रोममध्ये नेटशिवाय उघडतं. सुट्टीतच हव्या त्या फाइली उतरवून, फोनचं हॉटस्पॉट बंद करून, एकेक उघडून बघा.

आठवीच्या धाराविद्युतसाठी विद्युत परिपथाचं सिम्युलेशन घ्या. एक घट, एकसर जोडणीत दोन सारखे दिवे. चालू करण्याआधी विचारा: कोणता दिवा जास्त उजळेल? 'पहिला, कारण तो धारा वापरून टाकतो' हे उत्तर हमखास येतं. वहीत अंदाज लिहून घ्या, मगच कळ दाबा. अंदाज न लिहिता दाखवलं तर मुलं 'मला माहीतच होतं' म्हणतात आणि समज जिथल्या तिथे राहतो. नंतर खरे टॉर्चचे दिवे आणि दीड व्होल्टचे सेल घेऊन करा. इथे मात्र सावध: दुकानातले दोन दिवे क्वचितच तंतोतंत सारखे असतात, एक थोडा जास्त उजळतो, आणि मुलं म्हणतात 'बघा, पहिलाच!' तेव्हा दोन्ही दिव्यांच्या जागा अदलाबदल करा. उजेड दिव्याबरोबर जातो, जागेबरोबर नाही, हे डोळ्यांनी दिसतं. ही अदलाबदल पाठ टाचणात आधीच लिहून ठेवा, ऐन वेळी सुचत नाही.

जुना_तंत्रस्नेही

वरचं सगळं मान्य, पण टीव्ही नीट चालला तर. आपल्याकडे तंत्रज्ञान अडतं ते केबलपाशी. सुट्टीसाठी शाळेला कुलूप लागायच्या आधी एक दुपार टीव्हीपाशी घालवा. मागच्या सॉकेटांचा आणि मॉडेल क्रमांकाच्या पट्टीचा फोटो काढा. मे महिन्यात घरी बसून शोधाशोध करताना तोच कामाला येतो.

टीव्हीतला ब्राउझर विसरा, फार दुबळा असतो. लॅपटॉप एचडीएमआय केबलने जोडा, विंडोज आणि पी ही बटणं दाबून डुप्लिकेट निवडा. चित्र आलं पण आवाज लॅपटॉपमधूनच येतोय, असं असेल तर आवाजाच्या चिन्हावर जाऊन आउटपुट म्हणून टीव्ही निवडा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये स्क्रीन फिट किंवा तत्सम पर्याय असतो. हॉटस्पॉट जोडल्यावर विंडोज गुपचूप अपडेट उतरवत बसतं आणि दिवसाचा डेटा संपवतं, म्हणून त्या वायफायच्या सेटिंगमध्ये मीटर्ड कनेक्शन चालू करा.

पेन ड्राइव्हवरून व्हिडिओ लावायचे असतील तर दोन अडचणी ठरलेल्या. एफएटी-३२ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या पेन ड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. आणि एच.२६५ या नव्या व्हिडिओ प्रकारात केलेले व्हिडिओ जुन्या टीव्हीवर चालत नाहीत, नुसता आवाज येतो किंवा 'फाइल अमान्य' येतं. एमपी-४, एच.२६४ ठेवा.

अक्षराचा आकार तर कोणी मोजतच नाही. ४३ इंची पडद्याची उंची जेमतेम ५३ सेंमी. साडेसात इंच उंचीची नेहमीची स्लाइड म्हणजे ५४० पॉइंट. याचा अर्थ एक पॉइंट जवळपास एक मिलिमीटर. १८ पॉइंटचा मजकूर पावणेदोन सेंमीचा पडतो, त्यातही वेलांटी-उकार धरून. शेवटच्या ओळीतल्या मुलाला 'छ' की 'ध' कळत नाही. प्रश्न ३६ पॉइंटच्या खाली नको, एका स्लाइडवर एकच प्रश्न. स्लाइड करून झाली की घरी लॅपटॉपवर ती पूर्ण पडद्यावर उघडा आणि तीन पावलं मागे जा. तिथून वाचता आली नाही तर वर्गातही नाही.

लाइटचं गणित: टीव्ही साधारण ८० ते १०० वॅट, लॅपटॉप ६५ धरा. एकूण १४५-१६५. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासाची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास. बॅटरी टिकवायची तर निम्मीच वापरायची, ६००. इन्व्हर्टरमध्ये थोडं जातं, हाती ५०० राहतात. तीन तास निघतात. पण त्याच लाइनवर कार्यालयाचे दोन पंखे जोडले की तास-दीड तासात खेळ खलास. इन्व्हर्टर साइन वेव्ह घ्या, स्क्वेअर वेव्हवर टीव्ही गुणगुणतो.

व्हिडिओ स्वतः बनवायच्या फंदात यंदा पडू नका असं माझं मत. बनवायचेच असतील तर ओबीएस स्टुडिओ (पडदा रेकॉर्ड करायचं सॉफ्टवेअर), १२८० बाय ७२०, आणि फाइलचा प्रकार एमकेव्ही. साध्या एमपी-४ मध्ये रेकॉर्डिंग चालू असताना लाइट गेली तर फाइल उघडतच नाही. एमकेव्हीमध्ये तिथपर्यंतचं वाचतं, नंतर ओबीएसमधल्याच रीमक्स या सोयीने एमपी-४ करता येतं. पंखा बंद ठेवावा लागतो, म्हणून मे महिन्यात हे काम पहाटेच. मुलांच्या पालकांना पाठवताना व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हिडिओ म्हणून पाठवलात तर दाबला जातो आणि फळ्यावरचे आकडे पुसट होतात.

खडू_डस्टर

फार उपयोगी. विज्ञानवाली ताई, जागा अदलाबदलीचं टिपून घेतलं. दोन शंका. जुन्या प्रश्नपत्रिका सगळ्या जुन्या फॉन्टमध्ये आहेत, गूगल फॉर्ममध्ये चिकटवल्या की कचरा दिसतो. आणि फोन टाइप-सी केबलने थेट टीव्हीला जोडता येईल का, म्हणजे लॅपटॉप नसेल तेव्हा?

दशांशचिन्ह

फॉन्टचं: जुने फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांवर चढवलेले मराठी आकार, युनिकोड नव्हे. जुना फॉन्ट युनिकोडमध्ये बदलणाऱ्या परिवर्तकातून काढा, पण रफार, 'ऱ्य', जोडाक्षरं आणि पहिली वेलांटी डोळ्याखालून घाला, तिथेच घोळ होतो. अपूर्णांक तर परिवर्तकात हमखास मोडतात, ते नव्याने लिहा किंवा चित्र म्हणून टाका. यापुढचं सगळं युनिकोडमध्ये. विंडोजमध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून असतो, फक्त भाषा जोडायची. रोज अर्धा तास दिलात तर सुट्टी संपेपर्यंत हात बसतो. सुट्टीचं दुसरं उद्दिष्ट हवंच असेल तर हेच धरा, वर्षभर फळ देतं.

एआयचं विचारलं होतंत. चुकीचे पर्याय सुचवायला बरं आहे, पण 'अपूर्णांक'ऐवजी 'भिन्न', 'दशांश'ऐवजी 'दशमलव' अशी हिंदी घुसते, आणि उत्तरसूचीत चुका निघतात. प्रत्येक प्रश्न स्वतः सोडवल्याशिवाय मुलांपुढे नको.

नोंदीसाठी एक पान पुरे. वर डावीकडे प्रश्न, खाली चारही पर्यायांपुढे किती मुलं, तारीख. मग शिकवताना काय बदललं ते दोन ओळींत. तीन आठवड्यांनी त्याच चुकीवरचा नवा प्रश्न, आकडे बदलून, आणि पुन्हा चार पर्यायांपुढची संख्या. तोच प्रश्न पुन्हा घेऊ नका, मुलांना उत्तराचं अक्षर पाठ असतं. शिक्षण परिषदेत हे एक पान दाखवा. 'व्हिडिओ दाखवला' या वाक्यावर चर्चा होत नाही, '३/७ वाले इतके होते, आता इतके उरले, आणि हे काही जण का उरले' यावर होते.

विज्ञानवाली

कोर्सबद्दल वर कोणी बोललं नाही. प्रमाणपत्रांना नाकं मुरडायची गरज नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात दर शिक्षकाला वर्षाला किमान ५० तास व्यावसायिक विकासाचे सांगितले आहेत, ते कुठूनतरी भरायचेच. दीक्षावर निवडताना मात्र तुमच्या १० प्रश्नांशी जुळणारे निवडा, म्हणजे मूल्यमापन, गणित अध्यापन. कोर्सच्या तुकडीची शेवटची तारीख आधी बघा, आणि प्रोफाइलमधलं नाव सेवापुस्तकाप्रमाणे आहे ना ते कोर्स सुरू करण्यापूर्वी तपासा. १२ आणि २४ वर्षांच्या सेवेनंतरच्या वरिष्ठ-निवड वेतनश्रेणीचं प्रशिक्षण ही वेगळी बाब, हे तास त्यात धरले जातील असं गृहीत धरू नका.

जुना_तंत्रस्नेही

टाइप-सी: फोनमध्ये त्या सॉकेटवाटे चित्र बाहेर पाठवायची सोय असेल तरच. तिला डिस्प्लेपोर्ट आल्ट मोड म्हणतात आणि स्वस्त, मध्यम फोनमध्ये ती बहुधा नसते. केबल कितीही महाग घेतली तरी उपयोग नाही. आधी फोनच्या माहितीपत्रकात बघा, मग दुकानात जा. सोय नसेल तर टीव्हीतलं स्क्रीन मिररिंग वापरा. मिराकास्ट असेल तर नेट लागत नाही, फोन आणि टीव्ही थेट जोडले जातात. क्रोमकास्टला मात्र दोघंही एकाच वायफायवर लागतात, आणि ज्या फोनचं हॉटस्पॉट आहे त्याच फोनवरून कास्ट करायला गेलात तर पुष्कळदा टीव्ही दिसतच नाही. दुसऱ्या शिक्षकाच्या फोनचं हॉटस्पॉट घ्या.