बाळ दूध ओढताना तोंडातलं प्रेशर मोजणार म्हणे, जाऊ का?

पर्थची_मुक्ता
आम्ही ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. मुलगी सात आठवड्यांची, फक्त अंगावर पाजते. इथल्या एका स्टडीसाठी विचारलंय, निपलच्या कडेने बारीक नळी चिकटवतात, एक टोक बाळाच्या तोंडात आणि दुसरं मशीनला, म्हणजे ओढताना तोंडात किती व्हॅक्यूम होतो ते स्क्रीनवर दिसतं, सोबत हनुवटीखाली सोनोग्राफीचा प्रोब धरून जीभ कशी हलते तेही बघणार. पैसे नाहीत, फक्त पार्किंगचे. सासूबाईंना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाल्या लेकराला यंत्र लावून पाजतात का कुणी, दृष्ट लागेल. नवरा म्हणतो तुझं तू ठरव (नेहमीचंच). मला जायचंय पण नंतर बाळाने अंगावर प्यायचंच सोडलं तर? कोणी गेलंय का?

निशिगंध
मी गेलेय गं, मुलगा तीन महिन्यांचा होता तेव्हा. नळी शेवईएवढी, आत निर्जंतुक पाणी भरलेलं. पहिल्यांदा त्याने तोंड वाकडं केलं, मग गटागटा सुरू. घरी आल्यावर काही फरक नाही, नेहमीसारखाच प्यायला. एकच सांगते, पाजायच्या आधी आणि नंतर वजन करतात, मध्ये डायपर बदलायचा नाही कितीही भिजला तरी, नाहीतर किती दूध पोटात गेलं त्याचा हिशोबच लागत नाही. मी सवयीने बदलून टाकला 🤦‍♀️ परत जावं लागलं पुढच्या आठवड्यात. आणि भूक लागायच्या वेळेचीच अपॉइंटमेंट घे, आमचा पहिल्या दिवशी गाडीतच झोपला होता.

दूधगंगा_काकू
मी नाशिकला बाळंतिणींना पाजायला शिकवते, म्हणून जरा लांबण लावते. पूर्वी असं समजत की बाळ जिभेने दाबून पिळून दूध काढतं, आपण गाईची धार काढतो तसं. २००८ मध्ये तुमच्या पर्थच्याच डॉना गेडीस आणि त्यांच्या टीमने २० बाळांवर हेच दोन्ही एकत्र मोजलं तर दिसलं की जीभ खाली जाते, व्हॅक्यूम वाढतो आणि नेमकं तेव्हाच दूध वाहतं. सगळ्यात जास्त ओढ सरासरी १४५ एमएमएचजीच्या आसपास, आपण बीपी मोजतो तेच युनिट. गणित केलं तर स्ट्रॉने पाणी जवळजवळ दोन मीटर वर चढवण्याइतकी ओढ होते ही, तीसुद्धा एवढ्याशा तोंडाची! त्याच वर्षी आणखी एक निष्कर्ष आला की ज्या आयांचं निपल सतत दुखतं त्यांची बाळं जास्त जोरात ओढतात. अशा बायकांना लोक सरळ सांगून मोकळे होतात की तुझं धरणं चुकतंय. म्हणून हे आकडे मला लाखमोलाचे वाटतात.

शंकेखोर
सगळं ठीक पण कन्सेंट फॉर्म नीट वाचा. सोनोग्राफीचे व्हिडिओ कोण बघणार, किती वर्षं ठेवणार, नाव काढून टाकणार का. बाळ रडलं तर तिथल्या तिथे थांबवायचं, कारण द्यायची गरज नसते. आणि ही ट्रीटमेंट नाही, तुमच्या बाळाला फायदा होईलच असं धरून जाऊ नका. फुकट चेकअप समजून जाणारे लोक पाहिलेत मी.

निशिगंध
@शंकेखोर बरोबर आहे, पण मला मुलाचा ग्राफ दाखवला त्यांनी, डोंगररांगा काढल्यासारखा, मध्येच सपाट, म्हणजे साहेब दम खात होते 😄

पर्थची_मुक्ता
सगळ्यांना थँक्यू! काकू, मला डाव्या बाजूला खरंच दुखतं, आईला सोडून कुणाला बोलले नव्हते. आज फोन करून सगळं विचारलं, व्हिडिओवर नाव नसतं, नुसता नंबर. मंगळवारी साडेदहाला बोलावलंय. सासूबाई तयार झाल्या, फक्त तीट लावूनच ने म्हणाल्या. हनुवटीखाली जेल लागणार, पुसलं जाईल म्हटलं, तर म्हणे मग कानामागे लाव.