लूपची वाक्यरचना तपासणारा प्रोग्रॅम: कंस आणि अर्धविराम मोजणे पुरेसे का पडत नाही?

प्रश्न (तृतीय वर्षाची विद्यार्थिनी, जळगाव)

नमस्कार. सी भाषेतील फॉर, व्हाईल आणि डू-व्हाईल या लूपची वाक्यरचना बरोबर आहे की नाही हे सांगणारा छोटा प्रोग्रॅम मला प्रात्यक्षिकासाठी लिहायचा आहे. मी फाईल ओळीओळीने वाचते, 'फॉर' सापडला की उघडणारे आणि मिटणारे कंस मोजते आणि अर्धविराम दोनच आहेत ना, हे पाहते. सोप्या उदाहरणांवर हे चालते. पण 'फॉर्म' नावाचे व्हेरिएबल आले की प्रोग्रॅम त्यालाही लूप समजतो, लूप दोन ओळींत लिहिला की चूक दाखवतो आणि लूपच्या आत लूप आला की सगळा हिशेब चुकतो. प्रत्येक अडचणीसाठी एक नवे इफ जोडत गेले, तरी अडचणी संपत नाहीत. माझी पद्धतच चुकते आहे का?

उत्तर (शिक्षक, धुळे)

होय, पद्धतच बदलावी लागेल. सी भाषेच्या व्याकरणाला 'ओळ' ही गोष्ट ठाऊकच नाही. त्याला फक्त टोकन, म्हणजे शब्द, संख्या आणि चिन्हे असे अर्थपूर्ण तुकडे, कळतात. म्हणून आधी फाईलचे टोकन पाडणारे एक फंक्शन लिहा. अक्षर किंवा अधोरेषा दिसली की पुढची अक्षरे, अंक आणि अधोरेषा जिथवर सलग येतात तिथवर वाचत जायचे आणि संपूर्ण शब्द हाती आल्यावरच तो राखीव शब्दांच्या यादीत आहे का ते पाहायचे. असे केले की 'फॉर्म' हा पूर्ण शब्द म्हणून वाचला जातो आणि लूप ठरत नाही. अवतरणचिन्हांतील मजकूरही एकच टोकन होतो, त्यामुळे त्यातला अर्धविराम मोजणीत शिरत नाही. प्रत्येक टोकनसोबत ओळीचा क्रमांक साठवा, म्हणजे चूक नेमकी कुठे आहे ते सांगता येईल.

आता कंसांबद्दल. आधी मिटणारा आणि मग उघडणारा कंस आला तरी दोन्हींची संख्या सारखीच भरते. म्हणजे मोजणीत क्रमच हरवतो. त्याऐवजी व्याकरणाचा नियम जसा आहे तसाच फंक्शनमध्ये उतरवा: फॉर, उघडा कंस, एक्स्प्रेशन (किंमत काढता येणारी पदावली), अर्धविराम, एक्स्प्रेशन, अर्धविराम, एक्स्प्रेशन, मिटता कंस आणि शेवटी एक स्टेटमेंट (एक पूर्ण आज्ञा). हे शेवटचे स्टेटमेंट तपासण्यासाठी स्टेटमेंटचेच फंक्शन बोलवायचे आणि त्याला पुढे फॉर दिसला तर त्याने पुन्हा फॉरचे फंक्शन बोलवायचे. बाजार समितीत गोण्यांची थप्पी लागते तेव्हा शेवटी ठेवलेली गोणी आधी निघते. फंक्शनच्या हाकांचेही तसेच असते. आतला लूप पुरा झाला की नियंत्रण आपोआप बाहेरच्या लूपकडे येते, त्यासाठी वेगळा हिशेब ठेवावा लागत नाही. याला रिकर्सिव्ह डिसेंट म्हणतात.

उत्तर (सॉफ्टवेअर अभियंता, मूळ गाव चोपडा)

सरांशी सहमत आहे. लेक्स (टोकन पाडण्यासाठी) आणि याक (व्याकरण तपासण्यासाठी) ही साधने १९७० च्या दशकात बेल लॅब्समध्ये याच कामासाठी तयार झाली. पण नियम तीनच असताना हाताने लिहिलेल्या पार्सरमधून (वाक्यरचना तपासणाऱ्या प्रोग्रॅममधून) जे समजते, ते साधन वापरून समजत नाही, असे माझे ठाम मत आहे. काही बारकावे मात्र सांभाळा. फॉरमधली तिन्ही एक्स्प्रेशन गाळता येतात, म्हणून कंसात नुसते दोन अर्धविराम असलेला फॉर शुद्ध आहे. व्हाईलचा रिकामा कंस मात्र चूक आहे. डू-व्हाईलच्या शेवटी अर्धविराम हवाच. सी९९ पासून, म्हणजे सी भाषेच्या १९९९ च्या मानकापासून, फॉरच्या पहिल्या जागी व्हेरिएबलची घोषणाही चालते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

आपणा दोघांचे मनापासून आभार. टोकन पाडल्याबरोबर पहिल्या दोन अडचणी गेल्या. एक शंका उरली आहे: फॉरच्या कंसानंतर लगेच अर्धविराम दिला तर ती चूक दाखवली पाहिजे, असे मला प्रात्यक्षिकात सांगण्यात आले, पण माझा नवा प्रोग्रॅम ते बरोबर ठरवतो.

उत्तर (शिक्षक, धुळे)

तुमचा प्रोग्रॅम योग्य तेच सांगतो आहे. एकटा अर्धविराम हे सी भाषेत रिकामे स्टेटमेंट आहे आणि लूपचा गाभा रिकामा असायला व्याकरणाची हरकत नाही. बहुतेक वेळा तो विद्यार्थ्याच्या हातून चुकून पडतो हे खरे, म्हणून तिथे 'चूक' न म्हणता 'इशारा' छापा आणि वहीत त्याचे कारण लिहा. घोषित न केलेले व्हेरिएबल किंवा लूप आणि स्विच या दोन्हींच्या बाहेर आलेला ब्रेक यांवर कंपायलर हरकत घेतो; पण ती तपासणी व्याकरणाच्या नियमात बसत नाही, त्यामुळे या प्रात्यक्षिकात ती मिसळू नका.

एक काम मात्र जरूर करा. पहिली चूक सापडताच थांबू नका, टोकन वगळत पुढच्या अर्धविरामापर्यंत किंवा मिटत्या महिरपी कंसापर्यंत जा आणि तिथून तपासणी पुन्हा सुरू करा. चूक फॉरच्या कंसातच असेल, तर आधी तो कंस मिटेपर्यंत पुढे जा. नाहीतर आतल्याच अर्धविरामावर थांबून प्रोग्रॅम नसलेल्या चुका दाखवू लागेल.