ईईएफसी खात्यातील डॉलर संपतात, पण लेजरमध्ये रुपये उरतात: नोंद कोणत्या दराने करावी?

नमस्कार. अंधेरीतील एका लहान दागिने निर्यातदार कंपनीचे हिशेब मी पाहते. परदेशी ग्राहकांचे डॉलर आमच्या ईईएफसी खात्यात (मिळकत परकीय चलनातच ठेवण्याचे बँक खाते) जमा होतात आणि एका महिन्यात जमा झालेल्या रकमेतील न वापरलेला भाग पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत रुपयांत बदलून घ्यावा लागत असल्यामुळे दरमहा चालू खात्यात रक्कम वळती होते. टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये या खात्याचे लेजर (नोंदींचे खाते) डॉलर चलनात उघडलेले आहे.

अडचण या वळतीच्या नोंदीत आहे. समजा, ६,००० डॉलर ८३ रुपये दराने आणि ४,००० डॉलर ८४ रुपये दराने आले, म्हणजे पुस्तकी किंमत ८,३४,००० रुपये झाली. त्यातले ७,००० डॉलर बँकेने ८३.६० दराने घेऊन ५,८५,२०० रुपये दिले. आधी आलेले आधी गेले असे धरले तर नफा ३,२०० रुपये दिसतो आणि ८३.४० हा सरासरी दर धरला तर १,४०० रुपये. बँकेच्याच दराने नोंद केली तर फरक लेजरमध्ये साचत जातो, डॉलर शून्य झाले तरी रुपयांची शिल्लक राहते आणि ताळेबंदात ती 'अनॲडजस्टेड फॉरेक्स गेन/लॉस' (न मिटवलेला विनिमय नफा-तोटा) म्हणून दिसते. ऑडिटपूर्वी एकच पद्धत पक्की करायची आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद:

नमस्कार ताई. परकीय चलनाच्या व्यवहारांसाठीच्या लेखा मानक ११ नुसार बँकेतील परकीय चलन ही मौद्रिक बाब (रोख किंवा ठरलेल्या रकमेत मिळणारे-द्यायचे पैसे) असल्यामुळे ताळेबंदाच्या तारखेला ती अखेरच्या दराने मांडावीच लागते. तो दर ८४ असेल, तर उरलेल्या ३,००० डॉलरवर आपल्या पहिल्या पद्धतीत काहीच फरक येत नाही, सरासरीच्या पद्धतीत १,८०० रुपये येतो, आणि एकूण नफा दोन्हीकडे ३,२०० रुपयेच राहतो. म्हणून मी बँकेच्या दरानेच नोंद करून, महिनाअखेरीस फॉरेक्स समायोजनाचा व्हाउचर क्लास (टॅलीतील आधी ठरवून ठेवलेला नोंदप्रकार) लावलेल्या जर्नलने साचलेला फरक 'विनिमय दरातील फरक' या लेजरला नेतो. त्यानंतर ती रुपयांची शिल्लक उरत नाही. डॉलरमधील येणे बिलांनाही हाच नियम लावावा. मात्र माल पाठवण्यापूर्वी ग्राहकाकडून मिळालेली आगाऊ रक्कम सहसा अमौद्रिक असते, तिचे पुनर्मूल्यांकन करू नये. अखेरच्या दरासाठी एफबीआयएल (फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया) या संस्थेचा संदर्भ दर घेतल्यास दरवर्षी हाच स्रोत ठेवावा.