अनुभव धागा: थीम पार्कच्या मोनोरेलमध्ये कधी टरकलीय का?

मागच्या महिन्यात एका पार्कात मोनोरेलने स्टेशनात शिरता शिरता असा काही करकचून ब्रेक मारला की उभे असलेले आम्ही सगळे एकमेकांच्या अंगावर, माझी पाण्याची बाटली थेट समोरच्या काकांच्या टकलावर. हसलो सगळे. मग पुढे बघितलं तर दुसरी गाडी उभी, इतकी जवळ की तिच्या काचेवरचे बोटांचे ठसे दिसत होते. तुमचे अनुभव लिहा. पाळणे-रोलरकोस्टर नको, फक्त मोनोरेल.

दोन पोरांची आई
अडकलेय ना! दोन स्टेशनांच्या मधोमध, एसी बंद, खिडक्या उघडत नाहीत, आणि धाकट्याला शू लागलेली. दर पाच मिनिटांनी तीच रेकॉर्ड वाजायची, लवकरच निघतोय म्हणून. शेवटी मागून ट्रॅक्टरसारखं काहीतरी आलं ओढायला, ते जोडताना जो गचका बसला तेव्हा आमच्या डब्यातली एक बाई जोरात किंचाळली, तिला वाटलं मागून गाडी आदळली. सांगायचं ना आधी, की आता धक्का बसेल!

रिकामटेकडा
उतरून चालत का नाही जाऊ देत पण?

जुना प्लॅटफॉर्मवाला
चालणार कशावरून भाऊ? फ्लोरिडाच्या डिस्नेची बीम, म्हणजे गाडी जिच्यावरून धावते ती तुळई, जेमतेम 66 सेंटीमीटर रुंद आहे आणि तिच्या अंगालाच 600 व्होल्टची पट्टी. तिथे 1985 ला गाडीला आग लागली तेव्हा लोक खिडक्या फोडून टपावर चढले होते.

मी दोन सीझन एका पार्कात प्लॅटफॉर्मवर काढलेत (नाव नको). गाड्या जवळ आल्या की आपोआप थांबवणारी सिस्टीम असते, ती बरी असते. घोळ होतो तो ती बाजूला ठेवून गाडी उलटी घेताना. 5 जुलै 2009, रात्री दोनच्या सुमाराला डिस्नेत तेच झालं. गुलाबी गाडी मागे घेऊन दुसऱ्या बीमवर न्यायची होती पण सांधा बदललाच नव्हता, आणि तो बदललाय की नाही हे न तपासताच मागे घ्यायची परवानगी दिली गेली. परवानगी देणारा मॅनेजर तेव्हा कंट्रोल रूममध्ये नव्हताच, बाहेर हॉटेलात होता. गाडी त्याच बीमवरून मागे आली ती स्टेशनातल्या जांभळ्या गाडीवर. चालवणारा दुसऱ्या टोकाच्या केबिनमध्ये, त्याला मागचं काय दिसणार. जांभळ्या गाडीचा 21 वर्षांचा पायलट (म्हणजे चालक) गेला. त्याने म्हणे स्वतःची गाडी मागे घ्यायचा प्रयत्न केला होता.

आमच्याकडे एकदा मी स्वतः बघितलंय, ऑपरेटर गप्पा मारत मारत ती सिस्टीम बाजूला ठेवायचं, म्हणजे बायपासचं बटण दाबून बसलेला, हाताच्या सवयीने. काही झालं नाही. पण त्या रात्री मला झोप नाही आली.

उनाड भटकी
बापरे. 2007 ला आम्ही तिथेच पायलटशेजारी पुढच्या केबिनमध्ये बसलो होतो, तेव्हा विचारलं की बसू द्यायचे. ट्रिपमधला सगळ्यात भारी भाग होता तो. अपघातानंतर बंद केलं, आणि आत्ता हे वाचून कळतंय आम्ही कुठे बसलो होतो.

खिडकीवाला
थोडं अवांतर, थीम पार्क नाही पण सिएटलची मोनोरेलही 1962 च्या जागतिक प्रदर्शनासाठीच बांधलेली. तिथे नंतर एका टोकाला दोन्ही बीम इतक्या जवळ आणल्या की वळणावर दोन गाड्या एकदम मावतच नाहीत, एकीने थांबायचं हा नियम. 2005 मध्ये एक थांबली नाही आणि दोन्ही एकमेकींना घासल्या. डिझाइनच असं असेल तर नुसत्या नियमावर किती दिवस चालणार?

जुना प्लॅटफॉर्मवाला
अगदी. आणि उभे राहणार असाल तर दांडा धरा हो, फोन नको. स्टेशन आलं म्हणून लोक आधीच दाराशी जाऊन उभे राहतात आणि शेवटचा झटका नेमका तेव्हाच बसतो, बाटलीवाल्या ताई तुमच्यासारखाच.

दोन पोरांची आई
आमचा धाकटा आता मोनोरेल हा शब्द ऐकला की आधी बाथरूमला जाऊन येतो. घरी असला तरी.